चौदा ओळी आणि दोन सेकंद

आमचे वडील वर्गात कविता वाचताना ओळीअखेर थांबत. तो विराम आमच्या विद्यार्थ्यांनाही कळावा म्हणून एक जुने सुनीत संगणकाच्या पडद्यावर ओळीओळीने उमटवावे, दोन ओळींमध्ये दोन सेकंद जावेत, असा उद्योग आम्ही आरंभला. त्यासाठी जावास्क्रिप्ट ही भाषा शिकलो. तीतील ‘सेटटाइमआउट’ या आज्ञेचा अर्थ आम्ही लावला : दोन हजार मिलिसेकंद थांब. आज्ञा चौदा वेळा दिली. पडदा दोन सेकंद कोरा राहिला आणि चौदाही ओळी एकदम कोसळल्या.

चूक व्याकरणाची नव्हती, अर्थाची होती. ती आज्ञा थांबायला सांगतच नाही. ‘हे काम दोन सेकंदांनी कर’ अशी चिठ्ठी ठेवते आणि तत्काळ पुढे जाते. चौदा चिठ्ठ्या क्षणार्धात लिहून झाल्या. साऱ्यांची मुदत एकदमच सरली. शिवाय मुदत सरली म्हणजे काम झाले असेही नाही. हातचे काम उरकेपर्यंत चिठ्ठीने रांगेत राहायचे. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात दिवा हिरवा झाला तरी पुढची वाहने हलल्याखेरीज आपण हलत नाही, तसे. (नागपूरकरांस हे समजावणे नलगे!)

या भाषेत २०१५ साली ‘प्रॉमिस’ आले, २०१७ साली ‘अवेट’. पहिले म्हणजे अजून हाती न आलेल्या गोष्टीचे वचन. दुसरे म्हणजे त्या वचनाची वाट पाहणे. ज्या कार्यात ‘अवेट’ लिहावे तेवढेच त्या जागी अडून राहते, उरलेले पान चालूच असते. मराठीत ‘थांबणे’ आणि ‘वाट पाहणे’ हे वेगळे शब्द असताना आम्ही पहिलाच उचलला होता.

घरीही तेच करीत होतो. पक्षाघातानंतर वडिलांची वाणी अडखळते. एकेका शब्दाला ते फार वेळ घेतात. आम्ही मदत म्हणून शब्द पुरवीत असू. मग ते मान फिरवून गप्प होत.

परवा दुरुस्त केलेले पान त्यांना दाखवले. आठव्या ओळीनंतर त्यांनी हात वर केला.

“इथे...”

आम्ही बोललो नाही. आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

“...जास्त.”

सुनीताचे अष्टक तिथे संपते. इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्हांस हे सुचायला हवे होते. त्या जागी तूर्त ४००० हा आकडा घातला आहे. नेमका किती हवा, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.