घन्यातून गेलेलं

शिकार. गेली ते बरं झालं. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मंडळींनी भरतपूरच्या घन्यातल्या, म्हणजे आजच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातल्या, तळ्यांवर एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर तो आकडा कोरून ठेवलाय, शिकारीला आलेल्या पाहुण्यांच्या नावांसकट.

सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, तोंड लाल. उथळ पाण्यातल्या चिखलात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरायचा. १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे दोनशे आले होते. वाटेवर अफगाणिस्तान, पाकिस्तान, बंदुका. २००२ नंतर कोणीच आलं नाही. चीनमधल्या पोयांग सरोवरावर त्याचे भाऊबंद अजून हजारोंनी उतरतात, म्हणून पक्षी नामशेष म्हणता येत नाही.

म्हशी. पक्षीनिरीक्षकांच्या यादीत त्या कधीच नव्हत्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानात चराई बंद झाली, गावकरी उसळले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघालं ते असं: म्हशींचं तोंड थांबल्यावर पाण्यात गवत माजलं आणि बदकांना मोकळं पाणी उरेना. पक्ष्यांच्या नावाने म्हशी हाकलल्या होत्या. क्रौंचापेक्षा मला हेच जास्त टोचतं. अफगाणिस्तानातल्या बंदुकीला आपण काय करणार? हा निर्णय मात्र इथलाच.

गंभीर नदीचा पूर. घना मुळात माणसाने केलेला. खोलगट रान, त्यात बांध, कप्पे, पाणी सोडायच्या मोऱ्या. पावसाळ्यात गंभीरचं पाणी अजान बांधातून यायचं आणि त्याबरोबर मत्स्यबीज. चित्रबलाक बाभळींवर वसाहत मांडतात ती या माशांच्या भरवशावर. वर करौलीत गंभीरवर पांचना धरण झालं आणि ते पाणी अडलं. तिथल्या शेतकऱ्यालाही पाणी हवंच आहे, त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. आता चंबळचं पाणी नळाने येतं, गोवर्धन नाल्यातूनही येतं. तळी भरतात. नळातून मत्स्यबीज येत नाही.

सायकलरिक्षा. अजून आहेत, पण ई-रिक्षा आल्यात. रिक्षावाल्यांतले कित्येक पक्की नजर असलेले वाटाडे. थापट्या आणि तलवार बदक लांबूनच वेगळे सांगतात. पायाने मारायच्या रिक्षाचा वेग पक्षी बघायला बरोबर होता, शिवाय तिला आवाज नव्हता. नव्या गाडीलाही फारसा नाही, एवढं कबूल. फक्त तिची फेरी लवकर आटोपते, आणि झाडातल्या पिंगळ्यासाठी थांबा म्हणून आपल्याला सांगावं लागतं.