नाताळची वही

आमच्या घरात एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडतीच्या दुकानात हिशेबाला वापरतात तसली. वर्षातून एकदाच, नाताळच्या रात्री, ती ट्रंकेतून बाहेर निघते. घरातलं एक माणूस तिच्यात एक पान लिहितं, आणि सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात वही परत जागेवर जाते.

ती सुरू केली आज्यानं, 1951 साली. आमचं गाव नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं आणि पुढं खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांवर शाळा निघाल्या. आज्याच्या बापाला अक्षरओळख नव्हती. आजा मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला. आमच्या घरातलं लिहिता येणारं पहिलं माणूस तो. "तलाठ्याच्या दप्तरात आपलं नाव दुसरा लिवतो. आपल्या वहीत आपुन लिवायचं," असं तो म्हणायचा.

पहिलं पान सहा ओळींचं आहे. 'थंडी फार. ज्वारी पोटऱ्यात. देवळात भजन झाले. टिळकांची पदे म्हटली. करंज्या सव्वाशे. धाकट्यास ताप.' तो धाकटा म्हणजे माझे बाबा.

मी लहान होते तेव्हा नाताळच्या आधी आठ दिवस घरात तळणाचा वास असायचा. करंज्या, शेव, शंकरपाळे. बाबा बांबूच्या कामट्या तासून तारा बांधायचे, त्याला पतंगाचा कागद चिकटवायचा आणि आत चिमणी ठेवायची. चोवीस तारखेच्या रात्री पोरं ढोलकी, झांजा घेऊन दारोदार गात फिरायची. पहाटेपर्यंत घसे बसलेले असायचे. पंचविसाव्याला उपासना झाली की आई फराळाची ताटं गावात पोचवायला आम्हाला पिटाळायची. हे सगळं झाल्यावर, रात्री सामसूम झाली की आजा कंदिलापाशी वही घेऊन बसायचा. आम्हाला बोलायची बंदी.

वहीतलं 1972 चं पान मी किती वेळा वाचलं असेल! 'पाऊस नाही. ज्वारी नाही. सगळे खडी फोडण्यास. करंज्या नाहीत. कामावरची सुकडी पोरांस वाटली. गाणी सगळी म्हटली.' मला त्या नाताळचं फक्त सुकडीचं गोडपण आठवतं. घरात काय चाललं होतं ते या पानानं सांगितलं.

आजा 1978 मध्ये गेला. वही बाबांकडं आली. दुसऱ्याच पावसाळ्यात धाबं गळून ट्रंकेत पाणी शिरलं. शाईनं लिहिलेली पानं फुटून निळी झाली, पेन्सिलीनं लिहिलेली जशीच्या तशी राहिली. तेव्हापासून बाबांनी पेन्सिल धरली. फाटलेल्या एका पानाला मी मोठ्या हौसेनं सेलोटेप लावला होता. तो पिवळा पडून गळून गेला, पण त्याचा डाग आणि माझा वेंधळेपणा अजून कागदावर आहे.

बाबांची पानं आज्यापेक्षाही कोरडी. विहिरीवर मोटर बसली आणि पाण्याच्या पाळीवरून बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, आमच्या तात्यांचं, वाजलं. तात्या चूल वेगळी करून रानातल्या वस्तीवर राहायला गेले. 1984 च्या पानावर शेवटची ओळ आहे, 'दादा आला नाही.' 1985 ला तीच. 1986 ला, 'मला खोकला. पदे नीट म्हणता आली नाहीत. दादा आला नाही.' 1987 ला पुन्हा तीच. आणि 1988 ला, 'दादा आला. करंज्या खाल्ल्या. बोललो नाही.' त्याच्या पुढच्या वर्षी दोघं ओट्यावर बसून तंबाखू मळत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वहीत त्याबद्दल काही नाही.

बाबांनी जाण्याआधी वही माझ्याकडं दिली. भाऊ पुण्याला, मी तालुक्याच्या गावी शिक्षिका. माझ्यासमोर वही सरकवून "तुझं अक्षर चांगलंय" एवढंच म्हणाले.

2019 च्या नाताळला भाची पुण्याहून नवी वही घेऊन आली. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, पानोपानी फोटोला चौकट. म्हणाली, "आत्या, जुनी वही आता तुटायला आली. यात सगळं नीट उतरवू. फोटो लावू, आजीच्या करंजीचं प्रमाण लिहू. पुढं माझ्या मुलांनाही होईल." मला पटलं. ताईच्या लग्नानंतरचा नाताळ, भावाला नोकरी लागली तो नाताळ, असं आम्ही उतरवत गेलो. फोटोंच्या मागं पेन्सिलीनं नावं घातली, नुसती नावं नाही, कोण कुणाचं कोण तेही. 1984 पाशी आले आणि माझा हात थांबला. भाऊबंदकी पोरांना कशाला? मी ती चार वर्षं सोडून दिली आणि थेट 1988 वर गेले. तिथंही 'दादा आला, करंज्या खाल्ल्या' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मोठी आई आली. तात्या जाऊन बरीच वर्षं झालीत. तिचे डोळे अधू झालेत, तरी काठी टेकत वस्तीवरून चालत आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, ती वही काढलीया जणू. आमच्या बारीला काय लिवलंय गं त्यात?"

मी घुटमळले. ती म्हणाली, "वाच की. मला सगळं ठाव हाय."

मी वाचलं. 1984, 1985. छियांशीचं पान वाचलं तशी तिनं हात वर केला.

"खोकला म्हणलंय न्हवं? मग ते खोटं हाय. त्या साली आलं व्हतं ते."

"कुठं आले होते?"

"गोठ्यामागं हुबं राहिलं व्हतं अंधारात. भजन सरंपत्तुर. घरी आल्यावर म्हणले, बारक्याचा आवाज बसलाय, छातीला शेक द्या म्हणावं कुणीतरी. आता सांगणार कोण? मी न्हाई गेले, ते न्हाई गेलं."

खोकल्याची ओळ तिला कुणी सांगितलेली नव्हती. बाबांनी ती पेन्सिलीनं लिहून ट्रंकेत ठेवली होती. तेहतीस वर्षं इकडं एक ओळ पडून होती, आणि तिकडं वस्तीवर तिचं उत्तर. दोन्ही माणसं मातीत गेली, एकालाही कळलं नाही.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. काही न बोलता तिनं नवी वही माझ्यापुढं आणून ठेवली. मी वगळलेली चारही पानं, जशी होती तशी, शब्दही न बदलता उतरवली. 1988 च्या पानावर 'बोललो नाही' हे दोन शब्द घातले. छियांशीच्या पानाच्या समोर मोठ्या आईनं सांगितलेलं तिच्याच बोलीत लिहिलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. सही करता येते तिला, पण म्हणाली, हात कापतो.

तेव्हापासून आम्ही डावीकडचं पान लिहितो आणि उजवीकडचं कोरं सोडतो. ज्याला ठाऊक असेल त्यानं पुढं कधीही भर घालावी. काही पानं अजून कोरीच आहेत. जुनी वहीसुद्धा टाकलेली नाही. बाबांच्या पेन्सिलीचा दाब पानाच्या मागून बोटाला लागतो, तो काही उतरवता येत नाही.

गेल्या नाताळला मी वही भाचीकडं दिली. तिनं खूप वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'थंडी कमी. मोठी आई नाही. करंज्या चाळीस, त्यातल्या अकरा फुटल्या.'

फुटलेल्या करंज्या माझ्या होत्या. मी काही खोडायला लावलं नाही.