आन् कालवडीचं कसं ओळखायलाव?

लातुरात अकरावीला जीवशास्त्र घेतलेल्या पोरीला पुढं काय होणार असं कुणी विचारत नाही. डॉक्टर होणार, हे ठरलेलंच असतं. नीटच्या यादीत माझा नंबर लागला नाही. मग बीएस्सी केलं आणि एमएस्सीला नांदेडला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आले. १९९४ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ विष्णुपुरीला लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळं अहमदपूर-लोह्यावरून येणारी एसटी शहरात शिरायच्या आधीच उतरता येतं. मामींचा प्रश्न मात्र कायम होता : "जेनेटिक्स शिकून दवाखाना टाकता येतो का?"

आमच्याकडं प्रशिक्षण म्हटलं की एक-दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र. तशी प्रमाणपत्रं माझ्याही फाइलीत आहेत. एका यंत्राभोवती पंचवीस जण उभे आणि बटण दाबणारा एकच. पाहून पोहता येत नाही, तसंच हे. शेवटच्या सत्रातल्या संशोधन प्रकल्पानं जे दिलं, ते या फाइलीनं दिलं नाही. सरांनी विषय सुचवला तो गोठ्यातला. लातूर जिल्ह्याची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी, दोन्ही नावाजलेल्या जाती. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगाचे तीन प्रकार. शेतकरी लांबूनच ओळखतात. पण जर्सी-होल्स्टीनच्या रेतनाची वर्षं उलटल्यावर बाजारात 'देवणी' म्हणून उभा केलेला गोऱ्हा खरंच देवणी असतो का? हाळी-हंडरगुळीच्या बाजारात हा प्रश्न पैशाचा असतो.

नर असेल तर याचं अर्धं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात. देशी, वशिंडाच्या गोवंशात वाय गुणसूत्राचा सेंट्रोमिअर टोकाला असतो. जर्सी-होल्स्टीनमध्ये तोच मधल्या बाजूला सरकलेला. वाय बापाकडून मुलाकडं जातो. म्हणजे गोऱ्ह्याचा बाप, आजा, पणजा या सरळ रेषेत परदेशी वळू असेल, तर तो इथं सापडतो.

सांगायला हे दोन मिनिटांचं काम. करायला घेतलं की कळतं. पशुवैद्यक मानेच्या शिरेतून रक्त काढतात, तेही हेपारिनच्या नळीत, कारण पेशी जिवंत हव्यात. तांबड्या पेशींत केंद्रकच नाही, त्यामुळं सारी मदार पांढऱ्या पेशींवर. त्यांना विभाजनाला लावायचं, ३७ अंशांवर साधारण ७२ तास सांभाळायचं आणि ऐन विभाजनात कोल्चिसिन घालून थांबवायचं. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या. १९५२ साली टी. सी. सू यांना अशा पातळ द्रावणाची किमया योगायोगानंच दिसली होती. त्याआधी गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली असायची आणि मोजणारे चुकायचे. शेवटी मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल. यातले पहिले काही थेंब नळीच्या कडेनं, हलवत हलवत सोडायचे. घाई केली की पेशींची गुठळी. ७२ तासांत मधेच वीज गेली आणि इनव्हर्टरनं दम तोडला, तर पुन्हा गोठ्यात. उन्हाळ्यात हे व्हायचंच.

हे सगळं पुस्तकात आहे. हात कधी थांबवायचा, ते पुस्तकात नाही. ते वरच्या वर्षाच्या ताईंनी शेजारी उभं राहून शिकवलं. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं दहा यंत्रं पाहण्यापेक्षा एक पद्धत रक्तापासून फोटोपर्यंत स्वतःच्या हातानं न्यावी.

उदगीरजवळच्या एका गोठ्यात मी मालकांना वाय गुणसूत्राचा फोटो मोठ्या उत्साहानं दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, आत गव्हाणीजवळ बांधलेल्या कालवडीकडं हात केला आणि म्हणाले, "आन् कालवडीचं कसं ओळखायलाव, ताई?"

कालवडीला वाय नसतो. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, पण तो इथं कामाचा नाही. परदेशी रक्त आलं ते वळूच्या वीर्यातून, म्हणजे संकरित गायीतही मायटोकॉन्ड्रिया देशीच निघणार. उरतात ती बाकीची गुणसूत्रं आणि त्यांवरच्या डीएनए खुणा. अशा ३० खुणांची यादी जागतिक अन्न व कृषी संघटनेनं गोवंशासाठी दिलेली आहे. त्या वाचायला डीएनएच्या प्रती काढणारा पीसीआर हवा आणि मला तो फक्त पाहून माहीत होता.

इथं बाहेरच्या संधी उपयोगी पडल्या. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही. आमच्या वर्गात ते कुणाला ठाऊक नव्हतं, मला सरांनी फॉर्म भरायला लावला. शिष्यवृत्ती मिळाली ती हैदराबादला; तिथं जायला आम्हाला पुण्यामुंबईपेक्षा सोपं. तिथं पिपेटवर हात बसला. पुढं पीएचडी करायची तर पैशाचा प्रश्न येतो. नेट-जेआरएफ मिळालं तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. नाही मिळालं तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं, आणि पैसा हाती येईपर्यंत घरचं कुणीतरी थांबायला तयार असावं लागतं. मुलींच्या बाबतीत ही शेवटची अट सगळ्यांत अवघड. माझ्या वर्गातल्या दोघी याच अटीवर अडल्या, दोघींचा हात माझ्याहून चांगला होता.

खुणा वाचता आल्या तरी कालवडीचं उत्तर लगेच येत नाही. शुद्ध देवणी कशी दिसते, हे यंत्राला आधी दाखवावं लागतं; त्यासाठी खात्रीचे, एकमेकांच्या नात्यात नसलेले प्राणी हवेत. ते विद्यापीठात नाहीत, वाड्या-वस्त्यांवर आहेत. म्हणून सध्या पिपेटपेक्षा वहीच जास्त चालते : गायीची आई कोणाकडची, वळू कोणत्या गावचा, दवाखान्यात रेतन केलं तर नोंद आहे का. पुढचा आठवडा देवणी तालुक्यात. नवीन आलेल्या दोघा विद्यार्थ्यांना बरोबर नेणार आहे, आणि त्यांना आधी गोठ्यातच उभं करणार आहे.