वाचन आणि इतिहास, एकाच तासाला (थ्रेड)

१/ राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. मूल शाळेपर्यंत पोहोचावे, ही त्या कायद्याची चिंता. शाळेत पोहोचलेले मूल जे वाचते ते त्याला उमगते का, ही आपल्या पिढीची चिंता. हा थ्रेड तिच्याविषयी.

२/ मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. गेले काही महिने शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून एकदा चौथीच्या वर्गावर जातो. मुले ‘शिवछत्रपती’चा पाठ न अडखळता वाचतात. पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले, याचे उत्तर एका सुरात येते : २३. पण ‘तह म्हणजे काय?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो.

३/ याला मुलांची बुद्धी कारण नाही. १९८८ साली अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासक स्त्रियांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा अधिक समजली. विषयाचे ज्ञान हा वाचनाचाच भाग आहे.

४/ म्हणून आम्ही वाचनाचा आणि इतिहासाचा तास एकत्र केला. आरंभ घरच्या विषयापासून : खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर. बहुतेक मुलांनी ते पाहिलेले. मी मंदिराविषयी एक पानभर माहिती लिहून दिली आणि प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न ठेवला : ‘हे लिहिणाऱ्याला कशावरून कळले?’

५/ फळ्यावर तीन रकाने झाले.
पाहून कळते : स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत; मंदिरात शंकरासमोर नंदी नाही.
लेखावरून कळते : दक्षिण दरवाजाजवळच्या शिलालेखात यादव राजा सिंघणाचा उल्लेख आहे.
लोक सांगतात : कोपलेल्या शंकराची समजूत काढण्यास विष्णू आले आणि नंदी यडूरला राहिला.

६/ खरा वाद नंदीवरून झाला. ‘नंदी नाही’ हे पहिल्या रकान्यात, तर ‘का नाही’ हे तिसऱ्यात कसे? एक मुलगी म्हणाली, ‘नाही ते दिसतंय की. पण का नाही ते कुणी बघितलंय?’ पुरावा आणि स्पष्टीकरण यांतला भेद आम्ही एम. ए.च्या पहिल्या सत्रात शिकलो. तिने तो एका वाक्यात मांडला.

७/ तिसरा रकाना खोटेपणाचा नव्हे, हे आवर्जून सांगावे लागते. आख्यायिका लोकांच्या श्रद्धेविषयी आणि स्मृतीविषयी पुष्कळ सांगते. बांधकामाचा काळ ठरवायला मात्र ती पुरत नाही. मुलांना हे समजावताना आजीची गोष्ट लहान होता कामा नये.

८/ मग पुन्हा पुरंदर, १६६५. ‘२३ हा आकडा कशावरून?’ हा प्रश्न आता मुलांनीच विचारला. मिर्झाराजे जयसिंगांचा मुन्शी उदयराज याने जपलेला पत्रसंग्रह ‘हफ्त अंजुमन’ म्हणून ओळखला जातो, त्यातून तहाची हकीकत कळते, हे मी सांगितले. शत्रूपक्षाच्या पत्रांतूनही आपला इतिहास कळतो, याचे त्यांना मोठे नवल वाटले. ‘तह’ म्हणजे काय, तेही त्याच ओघात समजले.

९/ ‘यात पोर्शन मागे पडतो’, हा आक्षेप रास्त आहे. एका पानाला सबंध तास लागतो. परंतु दोन-तीन वर्षांत याच मुलांच्या हाती मोबाइल येईल आणि त्यावर रोज कोणीतरी ‘खरा इतिहास’ पाठवील. त्या वेळी पाठ केलेला २३ हा आकडा त्यांच्या फारसा उपयोगी पडणार नाही, ‘कशावरून?’ हा प्रश्न पडेल.

१०/ आपल्यापैकी अनेकांच्या गावात शिलालेख, वीरगळ किंवा जुनी पायविहीर असेल. धाकट्या भावंडांना तिथे न्या. माहितीचे एक पान वाचा आणि तीन रकाने आखा. कोणते वाक्य कुठे बसवावे यावरून भांडण झाले, तर ते खाली जरूर लिहा.