भिंतीकडेचा लसूण

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी आरनची तीन बेटं आहेत. उघडीबोडकी चुनखडी, अटलांटिकचा खारा वारा आणि जिकडेतिकडे नुसते दगडावर दगड ठेवून उभारलेले गडगे. इथली मातीसुद्धा माणसांनी केलेली. वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणायचं, खडकावर थरावर थर पसरायचे आणि त्यात बटाटे लावायचे. कित्येक पिढ्यांनी हे केलं.

या गडग्यांच्या आडोशाला एक रानलसूण वाढतो. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बॅबिंग्टन यांचं नाव त्याला मिळालं. कॉर्नवॉल, सिली बेटं आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा हा त्याचा मुख्य मुलूख. नात्याने तो आपल्या लसणापेक्षा युरोपातल्या लीकला जवळचा, पण पात चुरगळली की वास लसणाचाच. थंडीत निळसर हिरवी पात जोमाने वाढते आणि उन्हाळ्यात दांडा माणसाच्या उंचीला पोचेपर्यंत ती वाळूनही जाते. मग तो एकटा दांडा डोलत राहतो. त्याच्या टोकावरचं कागदी टोपडं फाटलं की आत फुलं जेमतेम दिसतात. दाटीने बसलेल्या असतात त्या बारीक, जांभळट कुड्या. बी क्वचितच धरतं. वाऱ्याने दांडा आडवा पडतो, कुड्या सांडतात आणि तिथेच रुजतात. नवं रोप म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत.

अशा रीतीने पिढीमागे फार तर दोन पावलं सरकणारं हे झाड समुद्र ओलांडून इतक्या किनाऱ्यांवर पोचलं कसं? हा लसूण कधीकाळी खाण्यासाठी लावलेला असावा आणि लावणारे गेल्यावर मागे उरला असावा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. मला तो मनापासून पटतो. आपणही लसणाचं बी पेरत नाही, गड्डा फोडून कुड्याच लावतो. आपल्या फोडणीतला लसूणही असाच हातोहात इथवर आला. मग आरनवरचा हा लसूण खरा रानातला की माणसाने लावलेला, हा वाद मला गौण वाटतो. ज्या बेटावर माती हातांनी केली, तिथे हातांनी आणलेलं रोपही तिथलंच. रस्ता रुंद करायला गडगा हलवावा लागला, तर त्याच्या पायथ्याचे गड्डे आधी काढून शेजारच्या आडोशाला लावावेत. कुदळीच्या दोन घावांचं काम आहे.