आयुक्तालय कुणाचं?

मराठवाड्यातून आजवर चार मुख्यमंत्री झाले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. दोन नांदेडचे, दोन लातूरचे, आणि तेव्हा सगळे काँग्रेसचेच. म्हणजे "सत्ता आली की जिल्ह्याचं भलं होतं" हे तपासायला आमच्या या दोन जिल्ह्यांइतका चांगला टेस्ट डेटा शोधून सापडायचा नाही.

मी नांदेडचा. पुण्यात माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मित्र लातूरचा. आमचं सगळ्या विषयांवर जमतं, एक आयुक्तालय सोडून. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विलासरावांनी राजीनामा दिला, अशोकराव आले, आणि जानेवारी २००९ मध्ये नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं. लातूर पेटलं. बंद, मोर्चे, मग कोर्टकचेऱ्या. गंमत बघा, पक्ष तोच होता. फक्त खुर्चीवरचा माणूस शेजारच्या जिल्ह्यातला आला होता. राज्यात आजही महसूल विभाग सहाच आहेत. सातवा ना नांदेडला झाला, ना लातूरला.

"तुमच्या साहेबांनी आमच्या तोंडचा घास पळवला," तो अजून म्हणतो.

"अरे, घास कुणालाच मिळाला नाही. तू कामून रडायलास?"

पण एका ऑफिससाठी लोक इतके का पेटतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मोठं ऑफिस आलं की मागोमाग क्वार्टर्स येतात, वकील येतात, झेरॉक्सवाले, खानावळी... आणि बायपासला प्लॉटचे भाव. उस्मानशाही मिल बंद पडल्यावर नांदेडकरांना तर सरकारी ऑफिस हाच कारखाना वाटायला लागला.

खुर्चीनं काहीच दिलं नाही असं मात्र म्हणवत नाही. शंकररावांनी पाण्याचा ध्यास घेतला होता. नांदेडच्या नळाला आजही विष्णुपुरीचंच पाणी येतं. लातूरचे विलासराव सात वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. २००२ मध्ये तिथं सरकारी मेडिकल कॉलेज आलं, साखर कारखाने तर होतेच. आणि तरीही एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. दुष्काळी भागात एवढा ऊस कशाला, हे विचारायची सोय नव्हती, कारण आमच्याकडं साखर कारखाना म्हणजेच राजकारण. कारखाना ज्याचा, गावं त्याची.

लातूरची खरी कमाई बघा. डाळ मिल, सोयाबीनचं मार्केट आणि क्लासेस. 'लातूर पॅटर्न' कुठल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयातून निघाला नाही. तो कॉलेजातल्या मास्तरांनी उभा केला. आता बाहेरगावची पोरं तिथं खोल्या घेऊन राहतात, मेसवाल्याला पैसे मिळतात. त्यातली हुशार पोरं पुढं पुण्या-मुंबईला जातात ती जातातच. मी आणि मित्र तसेच आलो. आम्हाला परत बोलावणारी कंपनी ना त्याच्या साहेबांच्या काळात आली ना माझ्या. असो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये गेले. त्या रात्री घरून फोन आला. विचारधारा वगैरे राहू द्या, वडिलांनी एकच विचारलं, "आता तरी आयुक्तालय होईल का रे?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, मित्राच्या वडिलांनीही लातूरहून फोन केला होता. प्रश्न तोच, फक्त काळजीच्या आवाजात.