सोवारराव

दिवसा सोवारराव चारचौघांसारखेच. त्यांचा तोरा सुरू व्हायचा तो कंदील मालवल्यावर. खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातून हिरवट उजेड पाझरायचा आणि आजोबा अंथरुणातूनच जाहीर करायचे, "अडीच झालेत, झोपा." सुगीत ज्वारीच्या खळ्यावर राखणीची पाळी आली की बाकीचे चांदण्या बघून वेळेचा अंदाज बांधत; आजोबा मनगट बघत. एवढ्यावर गावात त्यांची हुशार म्हणून ख्याती झाली. श्रेय सगळं सोवाररावांचं.

पूर्ण नाव वेस्ट एंड वॉच कंपनीचे 'सोवार प्रायमा'. जन्म स्वित्झर्लंडचा, पण नाळ मुंबईला जोडलेली. ही कंपनी १८८६ पासून मुंबईत घड्याळं विकत होती. नाव घोडदळातल्या सवाराचं. आमच्याकडे ते आले निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या थोडं आधी. राज्य गेलं, हाली सिक्का गेला, हे राहिले. रोज सकाळी चावी दिली की चालतात. न दिली तर दीड दिवसात रुसतात.

उजेड मात्र केव्हाच गेला. डायलवरच्या अंकांच्या पोटात आता तपकिरी, सुकलेला, भेगाळलेला थर आहे. काट्यांच्या जाळीतही तोच. मिनिटकाट्यातला एक कपचा गळून काचेच्या कडेला जाऊन बसलाय. नोटा तपासायचा निळा दिवा वर फिरवला की अंक क्षणभर फिकट उजळतात, दिवा हटवला की लगेच मरतात. घरात सगळ्यांनी मान डोलावली: संपलं रेडियम.

इथंच सोवाररावांनी सगळ्यांना फसवलंय. त्या रंगात दोन गोष्टी असतात, रेडियम आणि झिंक सल्फाइड. रेडियममधून सुटणारे कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि उजेड पडतो. रात्रंदिवस हा मारा खाऊन स्फटिक काही वर्षांतच खिळखिळे होतात. थकतं ते झिंक सल्फाइड. रेडियम ताजंतवानंच. त्याचं अर्धं वजन सरायला सुमारे १६०० वर्षं लागतात. आजोबांच्या वेळेपासून आजवर शंभरातले तीन-साडेतीन भागच काय ते कमी झालेत. आपली बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. ती खोदताना कुणी चिमूटभर रेडियम काठावर पुरून ठेवलं असतं, तर त्यातलं चार-पंचमांशापेक्षा जास्त आजही तिथं सापडलं असतं. (मेरी आणि पिएर क्युरींना ते गवसलं १८९८ साली, म्हणून हे फक्त हिशेबापुरतं. आणि ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं चिकटवतात त्या 'रेडियम'चा इथं काही संबंध नाही. ते नुसता दिव्याचा उजेड परत फेकतं.)

सोवाररावांच्या खानदानाची एक काळी बाजू आहे, ती घरी कुणी सांगितली नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या डायलींवर हा रंग भरत. अंक बारीक यावेत म्हणून, शिंपी दोरा ओवायच्या आधी ओठांत ओला करतो तसं, त्या ब्रशचं टोक ओठांत धरून नीट करत. तशी शिकवणच होती. पोटात गेलेल्या रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन बसवतं. दात पडले, जबडे कुजले, कितीतरी जणी गेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कंपनीला तडजोड करावी लागली. १९६० च्या दशकात घड्याळवाले ट्रिटियमकडे वळले. डायलच्या तळाशी बारीक 'टी' दिसतो तो त्याचा.

काचेआड असलेले सोवारराव तसे सभ्य. अल्फा कण काच ओलांडत नाहीत, गॅमा किरण थोडे निसटतात. अधूनमधून लग्नाकार्यात बांधले म्हणून कुणी आजारी पडत नाही. रोज उशाशी घेऊन झोपायचं मात्र कारण नाही, पोरांच्या हाती तर द्यायचंच नाही, आणि अशी पाच-दहा घड्याळं बंद कपाटात कोंडू नयेत, कारण रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो. खरी भीती काच निघाल्यावर. ती भुकटी श्वासातून आत गेली की बाहेर काढायची सोय नाही.

म्हणून सुभाष रोडच्या घड्याळजी चाचांकडे नेलं तेव्हा मी आधी तेवढंच सांगितलं: डायलला ब्लेड लावू नका. चाचांनी डोळ्याचं भिंग वर सरकवलं. "हौ, मालूम है. मेरे उस्ताद तो खुरचके फूंक मारते थे. चाय वहीं, बिस्कुट वहीं." स्वतः ते फुंकणी वापरतात, तीही फक्त मशीनवर.

पुण्याचा भाचा म्हणतो, मुंबईला पाठव, डायल नव्यासारखी रंगवून देतात. देतात खरी. परदेशातले शौकीन अशा रंगवलेल्या घड्याळांना थट्टेनं 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पण नवा रंग द्यायचा तर जुना खरवडायला हवा, आणि तो खरवडणारा कारागीर कुठल्या कोंदट खोलीत बसतो, त्याच्या तोंडाला साधा रुमाल तरी असतो का, हे भाचा विचारत नाही. वर जुने काटे तसेच राहिले की त्यांच्यातलं रेडियम पुन्हा घरीच. माझ्या मते सोवाररावांना आहे तसं, भाजलेल्या तोंडानं राहू द्यावं. गंमत म्हणजे बाजारात न खरवडलेल्यालाच भाव जास्त मिळतो, हे कळल्यापासून भाचाही गप्प आहे.

चाचांनी फक्त मागचं झाकण उघडलं, तेल दिलं, वेग जरा वाढवला. डायलच्या बाजूला हात लावला नाही. पैसे विचारले तर म्हणाले, तीनशे: दोनशे केलेल्या कामाचे, शंभर न केलेल्या. मी घासाघीस केली नाही.